गटाबरोबरची फेरी

समुद्रकाठच्या भूउद्यानात मी पर्यटकांना काळे खडक दाखवते. ज्वालामुखीचा लाव्हा थंड होताना तडकला आणि त्याचे असे षटकोनी खांब झाले, हेच रोज सांगते. दर रविवारी एकटेच येणारे एक आजोबा हल्ली माझं वाक्य माझ्याआधी पूर्ण करतात आणि अख्खा गट हसतो.

काल फाटकापाशी मी त्यांना बाजूला घेतलं. "आजोबा, माझ्या लेकीला बडबडगीतं पाठ आहेत, तसं तुम्हाला हे सगळं पाठ झालंय. लोक फोटो काढत बसतात आणि तुम्ही उगाच उन्हात ताटकळता. एकटेच निवांत फिरून या की. पहारेकऱ्याला मी सांगते."

त्यांचा चेहरा उतरला. "मी फार मध्येमध्ये बोलतो का गं? हवं तर तोंड उघडणार नाही."

"अहो, तसं नाही. तुमच्याच सोयीसाठी म्हणाले."

"मग राहू दे ना मला गटातच."

"पण का?"

ते जरा ओशाळून हसले.

"भरतीआधी परत फिरताना तू सगळ्यांना मोजतेस, पोरी. एखादं माणूस कमी भरलं, तर शोधायला जातेस."