हत्तीखालचं नाव

"हत्तीच्या खाली काय लिहिलंय, वाच."

अखिलाने डोळे बारीक केले. मैदानापलीकडे भाताच्या गिरणीची भिंत होती. निळ्या रंगावर पिवळा हत्ती आणि सिमेंटच्या कंपनीचं नाव. ती मोठाली अक्षरंसुद्धा तिला एकावर एक सांडल्यासारखी दिसत. त्याखालची बारीक ओळ म्हणजे नुसता पांढरा डाग.

"नाही दिसत, अम्मा."

"येल्लय्या आर्ट्स," ओसरीवरून भूमव्वा म्हणाली. "बापाचं नाव आहे ते. वीतभर अक्षरं, आणि आठवीतल्या पोरीला दिसत नाहीत!"

तिच्या मांडीवरच्या सुपात विड्या पडत होत्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. बोटं आपली चालत असत, तोंड मैदानाकडे. तिच्याइतक्या सारख्या विड्या गल्लीत कुणाच्या नसत.

"रंग अजून किती ताजा वाटतो," अखिला म्हणाली. "बापूला जाऊन चार वर्षं झाली."

"हात होता त्याचा! पाऊस थकला, रंग नाही थकला."

भूमव्वाने मनगटाने डोळे खसाखसा पुसले. तंबाखूची भुकटी कायम डोळ्यांत जायची. अखिलाचाही हात डोळ्याकडे गेला. बांगड्या किणकिणल्या तशी भूमव्वा खेकसली, "चोळू नको! हजारदा सांगितलंय!"

शेजारची गंगव्वा भूमव्वाला वहिनी मानायची. ती हसली. "वदिना, कशाला तिला हैदराबादला नेतेस? वसतिगृहातून काढ, घरी बसव. गल्लीतल्या शांतव्वाला दिसेनासं झालं, तेव्हा तिच्या पोरीला आणलंच ना शाळेतून? आईला धरून नेते-आणते, विड्या वळते. काय वाईट झालं?"

"माझी पोर शाळा सोडणार नाही," भूमव्वा म्हणाली. "कुणासाठीच नाही."

हैदराबादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जत्रेसारखी गर्दी होती. भूमव्वाने अखिलाचा खांदा धरला तो सोडलाच नाही.

"सोड ना अम्मा. मी काय लहान आहे?"

"हैदराबाद आहे हे. हरवशील."

डॉक्टर फर्हत यांनी पडद्यावर डोळ्याचा रंगीत नकाशा दाखवला. "हा लाल भाग बघा."

"लाल-हिरव्यातलं मला काय कळतंय, डॉक्टरम्मा? तोंडानं सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. बुबुळावरची काच पातळ होत चालली होती, शंकूसारखी पुढे येत होती. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. मुलांमध्ये हे फार वेगानं वाढतं. वरची साय खरवडायची, जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालत राहायचं, मग जांभळा प्रकाश सोडायचा. काच घट्ट होते.

"मग भिंतीवरचं वाचेल?"

"नाही. डोळा आहे तिथं थांबेल, एवढंच. वाचायला नंतर कडक लेन्स देऊ. पण उशीर केलात तर लेन्सही बसणार नाही. मेलेल्या माणसाची काच शिवावी लागेल."

"थांबवा. आजच थांबवा."

"हा आजार घराण्यात असतो. तुमचेही डोळे तपासू या."

"माझे?" भूमव्वा हसली. "घारीचे आहेत, घारीचे. मैदानापलीकडची ओळ वाचते मी. तुम्ही पोरीचं बघा. सही कुठं करू? जरा बोट ठेवा."

नर्सने बोट ठेवलं. बोटाला लागूनच भूमव्वाने वळणदार सही केली.

जांभळ्या प्रकाशाखाली अखिला पापणीही न हलवता पडून राहिली. भूमव्वाने सांगितलं होतं, "दिव्यात बापाचं नाव बघत राहा." पुढचे तीन दिवस डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं. ती झोपली की भूमव्वा तिचं मनगट आपल्या पदराला बांधून ठेवी. महिन्याभराने डावा डोळा झाला. तेव्हा गाठ अखिलानेच मारून घेतली.

पुढच्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी दोन नकाशे शेजारी ठेवले. "काही म्हणजे काही बदललं नाही!" त्यांना पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला होता. मग लेन्स आल्या.

दसऱ्याच्या सुट्टीत अखिला त्या घालून घरी आली. भूमव्वा ठेवणीतलं लुगडं नेसून मैदानाच्या कडेला उभी राहिली. गंगव्वालाही तिने हाक मारून आणलं. गंगव्वाला अक्षर येत नव्हतं, पण मजा बघायला यायचं चुकवणारी ती नव्हती.

"वाच, पोरी. मोठ्यानं."

अखिलाने वर पाहिलं. हत्तीच्या पायांची नखं दिसली. विटांमधल्या रेघा दिसल्या. मग ती खालच्या ओळीवर आली आणि तिथंच थांबली.

तिने आईकडे पाहिलं. भूमव्वाची मान ताठ होती, तोंड भिंतीकडे, ओठ आधीच त्या नावाभोवती हलत होते. अखिलाने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"गेलं सगळं पाण्यात!" गंगव्वा म्हणाली.

"दिसत नाही का गं?" भूमव्वाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"दिसतंय, अम्मा. स्वच्छ दिसतंय." अखिलाने आईचा तंबाखूने तपकिरी झालेला हात हातात घेतला आणि मैदानभर ऐकू जाईल असं वाचलं, "येल्लय्या आर्ट्स!"

"ऐकलंस?" भूमव्वा गंगव्वाकडे वळली. "इतके दिवस मी एकटी वाचत होते. आता माझी पोर वाचते!"

"अम्मा, पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. मला त्या खुर्चीची भीती वाटते. आधी तू बस, मग मी बसते."

"एवढी धीट पोर, आणि खुर्चीला भिते!" भूमव्वा खळखळून हसली. "बरं बाई, बसते."

"आणि शाळा सोडणार नाही मी. कुणासाठीच नाही."

"कुणाची पोर आहेस!"

अखिला हसली. तिने आईचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि घराकडे निघण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहिलं. पिवळ्या हत्तीखाली, नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगात, सुबक लिहिलेलं होतं: राजेशम आर्ट्स.