सारंगाचा दाखला

"वयाचा पुरावा अपुरा," असा शेरा मारून मालवणच्या बंदर कचेरीतल्या मयेकर कारकुनांनी रत्नू पारकरचा सारंगाच्या दाखल्यासाठीचा अर्ज अडवला. नियमात ते बसत होतं. पण द्वारकेला पहिली मागणी याच रत्नूची आली होती, आणि ती मयेकरांची बायको होऊन बारा वर्षं झाली तरी ते त्यांना खुपत होतं. आता त्याला एडनच्या आगबोटीवर खलाशांचा म्होरक्या, सारंग म्हणून मिरवता येणार नव्हतं.

जेवताना त्यांनी मुद्दाम विषय काढला. "रत्नूचा एडनाक जाणा रद्द झाला."

द्वारकेचा वाढता हात थांबला. "म्हणजे तो हयच रवतलो?" तिने विचारलं. तिचा चेहरा इतका उजळलेला मयेकरांनी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी शेरा खोडून त्यांनी अर्ज गोऱ्या साहेबापुढे ठेवला.

"माणूस फार लायक आहे, साहेब. याला पहिल्याच बोटीने पाठवावं."