लख्ख काचा

आईला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून लेकीने तिला शिवणकामाचा ब्लॉग काढून दिला. मायलेकींच्या गप्पा लेखांखालीच रंगायच्या. वाचक वाढवायचं काम धाकट्या भावाने अंगावर घेतलं. आई गेली. महिन्याभराने एका वाचिकेला आईच्या नावाने उत्तर आलं, "बाहीला आधी कच्चा टाका घाल गं." लेक तडक भावाकडे गेली. "ताई, उत्तर दिलं नाही तर वाचक पांगतात," तो म्हणाला. "आजारपणातही मीच लिहायचो. आईला कुठे दिसत होतं?" "मी विचारलं होतं, येऊ का? 'घाई नको, बरी आहे' हे तूच लिहिलंस?" "आजाराचं वाचकांसमोर कसं लिहिणार?" शिलाई मशीनवर आईचा चष्मा फडक्यात गुंडाळलेला होता. लेकीने फडकं उलगडलं. काचा लख्ख होत्या. "मग हा पुसायचं कोण?" "आईच." त्याने मान खाली घातली. "रोज. ताई येणार म्हणून."