ऐकलेले तास

"जो वेळ जिंकतो, तो जग जिंकतो. आणि वेळ पाळणं तर आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे!" टेलरमास्तरांनी गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरून जाहीर केलं.

समोरचं गिऱ्हाईक लग्नाच्या कोटाची चौकशी करायला आलं होतं. लग्न गेल्या महिन्यात झालं होतं.

"मग कोट कधी?"

"कोट काय नासतोय? लग्नाच्या वाढदिवसाला घाला. ते सोडा, आधी हे वाचा."

मास्तरांनी मोबाइल पुढे केला. विद्यापीठाचा निरोप होता. ऑनलाइन अभ्यासाच्या वेळेचं उत्कृष्ट नियोजन केल्याबद्दल मास्तरांच्या लेकीचा सत्कार ठरला होता. गिऱ्हाइकानं वाचलं, अभिनंदन केलं आणि कोटाशिवायच ते गेलं.

लेकीचा अभ्यासक्रम निम्मा वर्गात आणि निम्मा पडद्यावर होता. पडद्यावरचे पाठ कधीही ऐकायची मुभा होती. आता 'कधीही' म्हटलेलं काम माणूस कधी करतो हे सांगायला विद्यापीठ लागत नाही. दिवसा कॉलेज, संध्याकाळी दुकानात काज-बटणं आणि मधल्या वेळात मैत्रिणी, यात पाठ राहून गेले. पण कोण किती ऐकतं, ते यंत्रणा गुपचूप मोजत होती. पहिल्या सत्राअखेर ताकीद आली: ऐकलेले तास भरले नाहीत, तर परीक्षेला बसता येणार नाही.

त्या दिवशी लेक जेवली नाही. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. मास्तरांनी तर भलत्याच शर्टाला भलत्याच्या बाह्या लावल्या.

"वर्ष गेलं तर काय करशील गं?" त्यांनी विचारलं.

"जाणार नाही बाबा. बघते मी."

आणि तिनं बघितलं. घरात दार लागेल अशी एकच खोली होती, नानांची. नाना म्हणजे मास्तरांचे वडील. सगळी हयात कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. निवृत्तीनंतरही रात्रभर घरात गस्त घालायचे, कड्या तपासायचे, खोकून चोरांना इशारा द्यायचे. लेकीनं लॅपटॉप आणि स्वतःचं अंथरूण त्यांच्या खोलीत हलवलं. जेवणं झाली की दार लागायचं आणि आतून संख्याशास्त्राच्या सरांचा आवाज सुरू व्हायचा. संथ, गंभीर, विहिरीतून आल्यासारखा. एक पाठ संपला की पुढचा आपोआप लागायचा.

मास्तर पाणी प्यायला उठले की त्या दारापाशी क्षणभर थांबायचे. आत कूट प्रश्नांची उकल चाललेली असायची. त्यांचा ऊर भरून यायचा. ते चवड्यांवर चालत परत जायचे.

सगळ्यात नवल नानांचं. गस्त बंद, खोकला बंद.

"बघ," मास्तर बायकोला म्हणाले, "नातीच्या अभ्यासात खंड नको म्हणून म्हातारा शिंकसुद्धा दाबून धरतो."

"ते खरं," बायको म्हणाली, "पण एवढं जागून पोरीचे डोळे कसे तारवटत नाहीत? उलट गालांवर तेज आलंय."

"विद्येचं तेज आहे ते! तुला नाही कळायचं."

"तुम्हाला बरं कळतं. मॅट्रिकला गणितात किती होते?"

मास्तरांनी मशीन सुरू केलं.

एकदा न राहवून त्यांनी लेकीलाच गाठलं. "किती वेळ चालतं गं रोज?"

"सकाळपर्यंत चालूच असतं, बाबा."

"झेपतं का?"

"काही त्रास नाही. आता सवय झालीय."

आपण चांगली शिवण घातली की उसवत नाही, असं म्हणत मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मान खाली घातली. नम्रपणा आईकडून आला असावा.

सत्कारासाठी मास्तरांनी स्वतःला शिवलेलं जाकीट आदल्या दिवशीच तयार होतं. दुकानाच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. संख्याशास्त्राच्या सरांनी माइक हातात घेतला.

"माझे पाठ मुलं दुप्पट वेगानं ऐकतात," ते म्हणाले. "हिनं एकदाही वेग वाढवला नाही. पुन्हा पुन्हा ऐकले. आजपर्यंत मला दुसऱ्यांदा कुणी ऐकलेलं नव्हतं. घरीसुद्धा."

लेकीनं फुलं घेतली. चेहरा फुलांआड. मास्तरांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपर मारून सांगितलं, "आमची आहे." मग त्याच्या पलीकडच्यालाही सांगितलं.

चहाच्या वेळी सर स्वतः चालत त्यांच्याकडे आले. बरोबर कुलसचिवही होते.

"परीक्षेचं प्रवेशपत्र आज मीच माझ्या हातानं देणार हिला," कुलसचिव म्हणाले. "अशा घराचं कौतुक करावं तेवढं थोडं."

"नाना, चला ना, उशीर होतोय," लेक शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नानांना म्हणाली.

"थांब गं, एवढी मोठी माणसं आलीत," मास्तर म्हणाले. "नाना, बोला दोन शब्द. तुमच्याच खोलीत घडलीय ती."

नाना काठी टेकवत उठले. माइकवरचा आवाज त्यांनी केव्हाच ओळखला होता. त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले.

"नाना, चहा निवतोय!" लेक मधेच म्हणाली.

"निवू दे. सर, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. मी तर तुमच्या दोन वाक्यांच्या पुढं कधी गेलोच नाही. झोपेच्या गोळ्या सुटल्या बघा माझ्या. फक्त एक बारीकशी विनंती होती. पाठ संपला की ती घंटा वाजते ना, ती तेवढी हळू करता आली तर पाहा. माझं काय, मी कूस बदलून पुन्हा घोरायला लागतो. पण पोरगी दचकून उठते."