मंगळवारवाला

"आधी वजन करा, कोकिळाबाई!" नर्स ओरडली, पण कोकिळाबाई वजनकाट्याकडे न जाता थेट आपल्या बेडच्या पायथ्याशी वाकल्या. डायलिसिस चालू असताना झोपल्या झोपल्या मारायचं पायडल तिथं बसवलेलं होतं, आणि ते जड-हलकं करायचं एक गोल बटण. कोकिळाबाईंचे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी त्याच बेडवर एक मंगळवारवाला असायचा. दोघांची कधी भेट नाही, पण उन्हाळ्यापासून तो अधूनमधून बटण एक घर पुढं सरकवून जायचा, की लगेच ह्या त्याच्यापुढं. मग एका बुधवारी बटण शून्यावर सापडलं. "बीपी उतरलं त्यायचं. पायच उचलेना," नर्स म्हणाली. कोकिळाबाईंनी त्या दिवशी बटण कधी नव्हे ते सातवर नेलं, दात-ओठ खात पायडल मारलं आणि जाताना बजावलं, "याले हात लावू नका. त्याले म्हणा, उंद्रीच्या बाईनं सातवर मारलं. तुह्याच्यानं होते का पाह्य." त्यानंतर दोन आठवडे बटण तसंच सातवर. त्याचं काय झालं, हे विचारायचं धाडस कोकिळाबाईंनी केलं नाही. आज मात्र त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. बटण आठवर होतं. "सिस्टर!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की सगळ्या बेडवरच्या माना वळल्या. "हरली ना वो मी! पार हरली!"