सगळ्यांचं उत्तर तीन

२ˣ + २ˣ = ६४. समीक्षाचा गृहपाठ साईनाथने चुटकीसरशी सोडवला. "दोन आणि दोन चार, म्हणजे ४ˣ. एक्स बरोबर तीन. आमच्या वेळी कुठे होते गं क्लास?" वर फोटो काढून कोलशेतच्या शाळेतल्या तिच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले.

दुसऱ्या दिवशी समीक्षा तोंड पाडून आली. "बाबा, उत्तर पाच होतं. अख्ख्या वर्गाचं तीन आलं, एकट्या मितेशचं बरोबर."

"मग बाईंनी त्याला शाबासकी दिली असेल."

"छे. विचारलं, तुझे पप्पा ग्रुपवर नाहीत का रे?"

साईनाथला मितेशची फार दया आली. ग्रुपचा अ‍ॅडमिन तोच होता. चहा व्हायच्या आत त्याने मितेशच्या पप्पांना ग्रुपमध्ये घेऊन टाकलं.