वैजयंताची वाटी

वस्तादांच्या खिडकीत काचेच्या दोन वाट्या होत्या; लेकीचं वजन का उतरत नाही ते बघायला दवाखान्याने दिलेल्या. एकीत गणपा वस्तादांच्या मांडीचा स्नायू वाढत होता, दुसरीत त्यांच्या लेकीचा, दीडशे किलोच्या वैजयंताचा. दोन्हींना रोज सारखेच दहा थेंब खाद्य द्यायचं होतं. ते काम वस्तादांनी मागून घेतलं होतं. तालमीतल्या पोरांचा खुराक तेच तर बघत.

महिन्याने दवाखान्यातून नर्सबाई आल्या. त्यांनी दोन्ही वाट्यांत रंग टाकला. चरबी साठली असेल तिथे तो लाल होई. वस्तादांचा स्नायू पांढराच राहिला. वैजयंताचा लालभडक झाला.

"असं कसं हुईल?" वस्ताद उठलेच. "हिच्या वाटीत मी रोज पाचच थेंब घातलेत! कमी खाल्लं की झालं, हे दाखवायचं होतं तुम्हाला."

नर्सबाई काही बोलण्याआधी वैजयंता म्हणाली, "आबा, त्याला तोंड न्हाई. चोरून खायला फडताळ न्हाई. आता कुणाला जीभ आवर म्हणताय?"

वस्तादांनी लाल वाटी उचलून उजेडात धरली.

"हा स्नायू चरबी जाळत नाही, साठवतो," नर्सबाई म्हणाल्या. "हिच्या अंगातला रोज राबवला तर जाळायला शिकेल. वजन लगेच उतरणार नाही, पण हा शिकेल."

"मग शिकवा की, आबा. गावच्या पोरांना शिकवलंत. मी मागं हटणार न्हाई."

वस्तादांनी खुंटीवरचा पटका उचलला. दारात थांबून म्हणाले, "उद्या पहाटे पाचला तालमीत ये. आणि उपाशी येऊ नगंस."